अर्धमेली रेंज

आमच्या ऑफिसातल्या हाळे अण्णांबरोबर मी एकदा लातूरच्या गंजगोलाईत डबा घ्यायला गेले होते. दुकानदाराने स्टीलचे लहानमोठे डबे समोर मांडले आणि विचारलं, "डाळ-तांदळाला पायजे का फराळाला?"

"फोनला," अण्णा म्हणाले.

आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं दुकानदाराला वाटलं. तोवर अण्णांनी खिशातला मोबाईल काढून पहिल्या डब्यात ठेवला, झाकण दाबलं आणि मला म्हणाले, "लावा, ताई." मी माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. डबा वाजायला लागला.

"हे नको. हे गळतंय."

"गळतंय?" दुकानदाराला राग आला. "पाणी भरून उलटा करा साहेब, थेंब बाहेर येणार न्हाई!"

"थेंबाचं कोण बोलायलंय? रेंज गळायलीय."

दुसरा वाजला, तिसरा वाजला. चौथा वाजेपर्यंत शेजारच्या दुकानातली माणसं जमली होती आणि आपापली मतं देत होती. शेवटी दुकानदाराने चिडून माळ्यावरून एक जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, धूळ खात पडलेला डबा काढला. मी फोन लावला. माझ्या कानात बाई म्हणाली, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. मी मान हलवली. अण्णांचा चेहरा उजळला.

"हेच द्या. लई भारी डबा हाय. काहीच पोहोचत न्हाई आत."

आयुष्यभर भांडी विकलेल्या त्या माणसाला अशी तारीफ कुणी ऐकवली नसेल. त्याने डबा कागदात गुंडाळून दिला आणि अण्णांकडे न बघता माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बरे हायत ना?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे.

शिवलिंग हाळे मूळचे उदगीरचे. पन्नाशी ओलांडलेली, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, खिशात दोन फोन, पायात बारा महिने बूट. इंजिनिअर माणूस. पुण्यात चांगली नोकरी होती, पण आई अंथरुणाला खिळली म्हणून सोडून आले ते आलेच. लातुरात आमची छोटीशी कंपनी आहे. नागेश सर मालक, दोघंतिघं मुलं प्रोग्राम लिहिणारी, त्यांच्यावर अण्णा, आणि फोन उचलायला मी. आम्ही लोकांच्या मोबाईलवर उघडतील अशा वेबसाइट तयार करतो. त्या चालेनाशा झाल्या की लोक मला फोन करून बोलतात. मी ऐकून घेते. मूळची अहमदपूरची आहे, बोलणी खायची सवय आहे.

अण्णांचं काम म्हणजे मोबाईलचं नेट मधेच गेलं तर आमच्या वेबसाइटच्या पानाने काय करावं, हे ठरवणं. ऐकायला हे फार बारीक काम वाटतं. पण आमच्याकडे नेट जात नाही अशी जागा सांगा. पत्र्याच्या घरात शिरलं की गेलं, घाटात उतरलं की गेलं, आभाळ भरून आलं की गेलं. बरं, गेलं तर सरळ जावं. तेही नाही.

"मेलेली रेंज परवडली ताई, अर्धमेली न्हाई," अण्णा म्हणायचे. "मेली की फोन सांगतो, बाबा मी मेलो. माणूस दुसरा मार्ग बघतो. अर्धमेली लई लबाड. वर चार काड्या, आत जीव न्हाई. तुम्ही बटण दाबता, फोन हाव म्हणतो, आणि तिकडं काहीच जात न्हाई."

त्यांचा सगळा राग या "हाव"वर, या खोट्या होकारावर होता. माणसांच्या हाव म्हणण्यावरही त्यांचा भरवसा राहिला नव्हता. काहीही सांगून झालं की ते विचारायचे, "ऐकलं का, ऐकल्यासारखं केलं?" ऑफिसखालच्या चहावाल्याला दोन चहा सांगितले की तो मान हलवायचा. तेवढ्यावर अण्णा हलायचे नाहीत. "काय ऐकलं?" तो म्हणायचा, "दोन चहा, अण्णा, एक बिनसाखर." मग हे जागेवर येऊन बसायचे. कुणी लग्नपत्रिका घेऊन आलं आणि "यायचं बरं का" म्हणालं, की अण्णा तारीख, वार, कार्यालय सगळं त्याला परत म्हणून दाखवायचे आणि मग म्हणायचे, "पोहोचली. मी येणार. आता मी येणार हे तुम्ही ऐकलं का?" पत्रिका वाटायला निघालेल्या माणसाला अजून पन्नास घरं बाकी असायची.

डबा ऑफिसात बसल्या बसल्या तपासायला. खऱ्या तपासणीसाठी ते एसटीने जायचे. अहमदपूरहून कंधारकडे जाणारी गाडी बालाघाटाच्या डोंगरात शिरली की रेंज लपाछपी खेळते. अण्णा पुढच्या सीटवर दोन्ही हातांत दोन फोन घेऊन बसायचे. रोजच्या प्रवाशांना त्यांची इतकी सवय झाली होती की तेही आपापले फोन काढून सांगायला लागले. वळण आलं की मागून ओरडा व्हायचा, "गेली, अण्णा, गेली!"

एकदा मी बरोबर होते. शेजारी एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ओरडा ऐकून तिने पदर तोंडाला लावला आणि मला विचारलं, "कोण गेली, बाई?"

"रेंज गेली, आजी," मी म्हणाले.

"कोणाची लेक?"

सगळी गाडी हसली. अण्णा हसले नाहीत. फोनकडे बघत बसले.

हे अण्णा पहिल्यापासून असे नव्हते. आधीचे अण्णा गुणगुणत काम करायचे, झटपट उरकायचे, आणि दुपारच्या जेवणात दुसऱ्याच्या डब्यातली चटणी न विचारता घ्यायचे. ते कसे बदलले, ते सांगते.

आम्ही डोंगरातल्या गावांतल्या आशाताईंसाठी एक पान तयार केलं होतं. गावातल्या गरोदर बायांची, लेकरांची माहिती त्या मोबाईलवर भरायच्या. त्याच पानावर खाली एक मोठं लाल बटण होतं, "गाडी हवी". ते दाबलं की तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या माणसाला निरोप जायचा आणि तो जवळची जीप धाडायचा.

बटण दाबल्यावर निरोप तिकडे पोहोचेपर्यंत पानावर एक गोल फिरत राहायचा. पोहोचला की हिरवी खूण यायची आणि खाली अक्षरं, "गाडीला कळवले आहे". पण डोंगरात तो गोल फिरतच राहायचा. आशाताया मला फोन करायच्या, मॅडम, हे नुसतं गरगरतंय. वरच्या साहेबांना दाखवतानाही ते गरगरलं. नागेश सरांची लाज गेली. ते अण्णांना म्हणाले, "गोल काढून टाका. दाबलं की लगेच हिरवं दाखवा. निरोप काय, जाईल मागनं."

"आणि न्हाई गेला तर?"

"जात नाही म्हणजे काय, अण्णा? आज ना उद्या रेंज येतेच की."

अण्णांनी जरा कुरकुर केली. मग बदल केला. अवघं एका दुपारचं काम. करताना ते गुणगुणत होते, हे मला आठवतं. दुसऱ्या दिवसापासून माझे फोन कमी झाले. सगळे खूश.

त्या हिवाळ्यात एका दुपारी सत्वशीलाचा फोन आला. ही कंधारकडच्या डोंगरातल्या एका गावची आशाताई. गावाचं नाव सांगत नाही. आवाजात धाप होती.

"मॅडम, गाडी कुठवर आली?"

मी समोरच्या पडद्यावर बघितलं. त्या गावाहून काहीच आलेलं नव्हतं. "कसली गाडी, सत्वशीला?"

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. गावात फोन लागत नाही म्हणून ती टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीशी चढून आली होती.

"मी दाबलं की, मॅडम! हिरवं आलंय! कवाचं हिरवं हाय!"

मी तिला फोनवर धरून ठेवलं आणि दुसऱ्या फोनवरून तालुक्याला कळवलं. जीप लगेच निघाली. पण बाई घरीच मोकळी झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. रुक्मिण तिचं नाव. दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच गेली. बाळ वाचलं. मुलगी.

मी अण्णांना सांगायला गेले तर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हिरवं दिसत होतं म्हणली?"

"हो."

त्यांनी सर्व्हरवर आलेल्या निरोपांची नोंद उघडली. वर गेले, खाली आले, परत वर गेले. मग उठले, बाहेर गेले, आणि त्या दिवशी परत आले नाहीत.

पुढे जे झालं ते सरकारी रीतीने झालं. बाई दगावली म्हणजे कुणीतरी जबाबदार असलंच पाहिजे. सत्वशीलाला नोटीस मिळाली, वेळेवर कळवण्यात हयगय केली म्हणून. तिचं काम थांबवलं. तालुक्यातल्या माणसाने लिहून दिलं, मला निरोप मिळाला नाही. आमच्या नागेश सरांनी लिहून दिलं, त्या दिवशी आमचा सर्व्हर सुरू होता आणि त्या गावातून आमच्याकडे कोणताही निरोप आला नाही.

ते पत्र अण्णांनी माझ्या टेबलाशी उभं राहून वाचलं. "ह्यात एक बी शब्द खोटा न्हाई," ते म्हणाले. "म्हणूनच लई वाईट हाय."

ते सरांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"सर, चूक त्या बाईची न्हाई. आपली हाय. माझी हाय."

"अण्णा, नेटवर्क गेलं होतं."

"नेटवर्क जाणारच. गेल्यावर पान काय म्हणतं, ते आपल्या हातात होतं."

"हे बघा," सर खुर्चीत मागे रेलले. ते वाईट माणूस नाहीत, घाबरट आहेत. "नेटवर्क म्हणायचं आणि गप्प बसायचं. नेटवर्कला कुणी नोटीस देत नाही. उगा अंगावर घेऊ नका. सहाजणांची घरं चालतात ह्यावर."

"आणि सत्वशीलाचं?"

सरांनी फोन उचलला आणि कुणाशी तरी बोलायला लागले. पलीकडे कुणी होतं का, मला शंका आहे.

चौकशीची बैठक तालुक्याच्या ठिकाणी होती. सरांनी मला लॅपटॉप घेऊन बरोबर नेलं, नोंदी दाखवायला. अण्णांना सांगितलं नव्हतं. मोठ्या टेबलाभोवती साहेब लोक, आणि भिंतीशी सत्वशीला उभी. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. साहेब तिला विचारत होते, बटण नीट दाबलं होतं का, किती वेळ दाबलं, कोणत्या बोटाने दाबलं. ती प्रत्येक वेळी तेच सांगत होती, "साहेब, हिरवं आलं हुतं."

तेवढ्यात दारात अण्णा उभे. एसटीने आले होते. हातात जेवणाचा डबा.

"हे कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"ते हिरवं म्हणायल्यात ना त्या, ते हिरवं केलेला माणूस," अण्णा म्हणाले.

नागेश सरांनी डोळे मिटले.

अण्णांनी टेबलाच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उघडून त्यातली भाकरी आणि भाजी साहेबांसमोर काढून ठेवली. एक कारकून पुढे झाला. त्याला वाटलं, हा माणूस आता इथेच जेवायला बसणार. अण्णांनी डबा रुमालाने पुसला, फोनवर आमचं पान उघडलं, फोन आत ठेवला आणि झाकण लावलं. घरातलं एकेक भांडं तपासून त्यांनी हा डबा निवडला होता, ते मला नंतर कळलं.

"जरा थांबा साहेब. त्याला श्वास कोंडू द्या."

साहेब थांबले. मला अजून कळत नाही ते का थांबले. पंखा कुरकुरत होता. मग अण्णांनी झाकण बोटभर उचललं, आत बोट घालून लाल बटण दाबलं आणि झाकण पुन्हा बंद केलं. सगळे त्या डब्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने त्यांनी डबा उघडला आणि फोन साहेबांपुढे धरला.

"काय दिसतंय, साहेब?"

"हिरवी खूण."

"खाली काय लिवलंय?"

"गाडीला कळवले आहे."

अण्णा माझ्याकडे वळले. "ताई, तुमच्याकडं काही आलं?"

मी लॅपटॉपकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं. सर टेबलाकडे बघत होते.

"नाही, अण्णा. काही आलं नाही."

"साहेब, घरात बाई अडलीय, तुमच्या हातात हा फोन हाय. तुम्ही काय केलं असतं? गाडीची वाटच बगितली असती का न्हाई?"

साहेबांनी सत्वशीलाकडे बघितलं.

"हिनं बी तेच केलं. निरोप जायच्या आधी खूण दाखवायची, हे मी लिवलं. मला म्हणले म्हणून लिवलं, पण हात माझा होता. मला ठावं होतं डोंगरात रेंज कशी असते. हिला कशाला उभं केलंय?"

सत्वशीला भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मग कुणीतरी तिला खुर्ची दिली.

तिची नोटीस मागे घेतली. काम परत मिळालं. अण्णांकडून सगळं लिहून घेतलं. परतताना मी सरांच्या गाडीने आले. अण्णा एसटीनेच आले. त्या डब्यात ते पुन्हा जेवले नाहीत. तो त्यांनी कुठे ठेवला, मी विचारलं नाही. गंजगोलाईत नवा डबा घ्यायला गेलो ते त्यानंतर.

अण्णांना वाटलं होतं आपल्याला शिक्षा होईल. रोज वाट बघायचे. दारात पोस्टमन दिसला की उठून उभे राहायचे. काहीच आलं नाही. फाईल बंद झाली, आणि आम्हाला वरून एका ओळीचा हुकूम आला की सुधारित पान लवकर तयार करावे.

"मला कुणी काही बोलंना, ताई," ते एकदा म्हणाले. "नवीन करा, म्हणले फक्त."

मग त्यांनी नवीन केलं, आणि करताना आम्हा सगळ्यांना बेजार केलं. बटण दाबलं की आता पिवळी पट्टी येते, "अजून पोहोचले नाही". निरोप फोनमध्येच जपून ठेवायचा, रेंज आली की पाठवायचा, नाही गेला तर थांबून पुन्हा. टॉवर परत सुरू झाला की सगळ्या गावांचे फोन एकदम धावतात, म्हणून प्रत्येकाने थोडं मागंपुढं व्हायचं. "एसटीच्या दारात सगळे एकदम घुसले तर कोणीच चढत न्हाई," अण्णा मुलांना सांगायचे. फोन खिशात टाकला की ब्राउझर पानाला झोपवतो. जागं झालेल्या पानाने आपली लाईन अजून जोडलेली आहे असं धरून चालायचं नाही, आधी हाक मारून बघायची. सर्व्हरला निरोप मिळाला तरी अण्णांचं समाधान नव्हतं. "सर्व्हर काय जीप चालवतो?" तालुक्यातल्या माणसाने निरोप वाचून "पाहिले" असं दाबल्याशिवाय हिरवं होणार नाही, हे त्यांनी सरांशी भांडून करून घेतलं.

या सगळ्यात एकदा घोळ झाला. पुन्हा पुन्हा पाठवलेला निरोप एकच आहे हे ओळखायची सोय करायची राहून गेली होती, आणि अण्णांचा तपासणीचा फोन चुकून खऱ्या यादीला जोडलेला होता. एका सकाळी आमच्या ऑफिससमोर एकामागोमाग तीन जिपा येऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर धावत जिना चढून आले. "पेशंट कुठंय?" गोंधळ ऐकून नागेश सर खोलीतून बाहेर आले, जिपा बघितल्या आणि पांढरेफटक पडून दाराला टेकले.

"हेच दिसायलेत," एक ड्रायव्हर म्हणाला. "धरा रे."

अण्णांनी तिघांना चहा पाजला, हात जोडले, आणि ते गेल्यावर तो घोळ निस्तरायला बसले. मुलं अजून हसत होती. "त्या येळेला कुठं खरीच गाडी लागली असती तर?" ते म्हणाले. मग कुणी हसलं नाही.

त्यानंतर वर्षं गेली. पान चाललं. अण्णा एसटीने त्या डोंगरात जात राहिले, पण सत्वशीलाच्या गावात मात्र कधी गेले नाहीत. गावाचा फाटा आला की उतरायचे, रस्त्यावर उभे राहून दोन्ही फोन तपासायचे आणि उलट्या गाडीने परत फिरायचे.

मागच्या वर्षी आशातायांना नवे फोन मिळाले. ते बघून द्यायला मी आणि अण्णा निघालो. फाट्यावर उतरलो तर सत्वशीला आधीच येऊन उभी होती.

"तुम्ही जाऊन या, ताई," अण्णा म्हणाले. "मी इथली रेंज बगतो."

"इथली रेंज तुमी दर महिन्याला बगताव," सत्वशीला म्हणाली. "चला. रुक्मिणीच्या सासूनं बलावलंय."

अण्णांनी फोनची बॅटरी कमी असल्याचं सांगितलं. मग गुडघ्याचं सांगितलं. मग त्यांना सांगायला काही उरलं नाही.

घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. अंगणात म्हातारी सुपात तुरी पाखडत बसली होती. जवळच एक छोटी मुलगी चुलीच्या राखेत बोटं घालून कसलेतरी आकार काढत होती. ती कोण, हे सांगायची गरज नव्हती. सत्वशीलाने मला घोंगडीवर बसवलं. अण्णा बूट न काढता अंगणाच्या कडेला उभे राहिले.

"बसा की," म्हातारी म्हणाली.

"न्हाई, असू द्या. गाडी हाय परतीची."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "त्या दिवशी सत्वशीलानं फोन रुक्मिणीच्या डोळ्यापुढं धरला हुता. बग, म्हणली, हिरवं आलं, गाडी निघाली. तवा जरा निवली ती. तवर लई भ्याली हुती."

अण्णा म्हणाले, "आजी, गाडी निघाली नव्हती."

"ते आता समद्यास्नी ठावं हाय."

"ती खूण मी…"

"ते बी ठावं हाय. हिनं सांगितलंय." म्हातारी अण्णांकडे न बघता बोलत होती. "मी तिचं डोसकं मांडीवर घेऊन बसले हुते. दार लावू नका म्हणली, गाडीचा आवाज येईल. मग लई उशिरानं गाडी आली खरी. आवाज आला तशी माझा हात दाबून म्हणली, बघा, आली म्हणलं नव्हं. उशीर झालाय हे तिला कळलंच न्हाई."

मुलगी राखेचे हात घेऊन आजीजवळ आली आणि तिच्या लुगड्याला पुसायला लागली. आजीने पुसू दिले.

"माफी-बिफी द्यायला बलावलं न्हाई मी," ती म्हणाली. "तुमचं तुमच्यापाशी. पर हे कुणाला सांगू? पोरगं ऐकत न्हाई, मी तोंड उघडलं की उठून रानात जातंय. गावाला ऐकून ऐकून कंटाळा आलाय. वाटलं, तुमी तरी ऐकून घ्याल."

अण्णांनी मान हलवली. तेवढंच. म्हातारीने ते पाहिलं आणि तिला तेवढं पुरलं असावं.

मी घड्याळाकडे बघितलं. फाट्यावरची परतीची गाडी चुकली तर पुढे थेट संध्याकाळची होती, आणि माझी घरी वाट बघत होते. मी उठले. अण्णांनाही म्हणाले, "निघायचं ना?"

"जेवून जावं की," म्हातारी त्यांना म्हणाली. "घरी कोण कोण हाय?"

"कोणी न्हाई. आई होती, उदगीरला. ती गेली."

"मग घाई कशाची?"

अण्णांनी एकदा फाट्याकडे बघितलं. मग वाकले. बुटांच्या नाड्या त्यांना लवकर सुटेनात. ती मुलगी जवळ येऊन ते काय करताहेत हे लक्ष देऊन बघत बसली.

"तुम्ही व्हा पुढं, ताई," ते खाली बघूनच म्हणाले.

सत्वशीला मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वळणावरून मी मागे बघितलं. अण्णांचे बूट अंगणाच्या कडेला नीट जोडून ठेवलेले होते. ते घोंगडीवर मांडी घालून बसले होते, आणि म्हातारी हातवारे करत पुन्हा पहिल्यापासून सांगत होती.